पासवर्ड मॅनेजर पहिल्यांदा लावताय? आधी ओटीपी कुणाच्या मोबाईलवर जातो ते बघा

पासवर्ड मॅनेजर म्हणजे सगळे पासवर्ड एकाच मुख्य पासवर्डच्या (त्याला मास्टर पासवर्ड म्हणतात) मागं कुलूपबंद ठेवणारं अ‍ॅप. घरटी एक जण असतोच ज्याच्याकडं सगळ्यांची ऑनलाइन कामं येऊन पडतात. बाबांचं पीएफ, आईचं नेटबँकिंग, बहिणीचा महाडीबीटीचा फॉर्म, काकांच्या दुकानाचं जीएसटी, मळ्यातल्या मोटरचं लाईटबिल, सगळं त्याच्याच गळ्यात. आणि पासवर्ड कुठं असतात, तर थोडे डायरीत, थोडे क्रोममध्ये, थोडे व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवलेले, उरलेले दर वेळी "फरगॉट पासवर्ड" दाबून नवीन. तो माणूस तुम्ही असाल तर हे तुमच्यासाठी. फक्त स्वतःपुरतं करायचं असेल तरी पायऱ्या याच, थोड्या कमी लागतील एवढंच.

एक आधीच सांगतो. यावरचे व्हिडिओ बघितले तर बहुतेक सगळे पासवर्ड किती लांब पाहिजे यावरच अडकतात. आपल्याकडं गाडी तिथं अडत नाही. पासवर्ड विसरला तर नवीन करता येतो, पण नवीन करायला ओटीपी लागतो आणि तो ज्या नंबरवर जातो ते सिम रिचार्ज न करता कधीच बंद पडलेलं असतं, किंवा तो नंबर ई-सेवा केंद्रातल्या पोराचा असतो ज्यानं त्या वेळी फॉर्म भरून दिला होता. बंद पडलेला नंबर 90 दिवस उलटले की कंपनी दुसऱ्या कुणाला देऊ शकते, म्हणजे तुमच्या बँकेचा मेसेज भलत्याच्याच खिशात. त्यामुळं मॅनेजरमध्ये नुसते पासवर्ड कोंबले तर अर्धंच काम होतं. कुठल्या खात्याला कुणाचा मोबाईल आणि कुठला ईमेल जोडलाय, हे पासवर्डाच्या शेजारी लिहिलेलं पाहिजे.

आधी कागद, अ‍ॅप नंतर

अ‍ॅप डाउनलोड करायची घाई करू नका. एक कोरा कागद घ्या आणि त्यावर माणसांची नावं लिहा, वेबसाईटची नाही. बाबा, आई, मी, दुकान, शेत. मग प्रत्येकाच्या खाली काय काय आहे ते आठवेल तसं. बाबांच्या खाली आयकर (लॉगिन आयडी म्हणजे पॅन नंबरच असतो), पीएफचा 12 आकडी यूएएन, पेन्शनची बँक, डिजीलॉकर. शेताच्या खाली महावितरणचा 12 आकडी ग्राहक क्रमांक, डिजिटल सातबारा. दुकानाच्या खाली जीएसटी, करंट अकाउंट, असलीच तर उद्यम नोंदणी. तुमच्या खाली आयआरसीटीसी, जीमेल, फेसबुक, शॉपिंगची अ‍ॅप्स.

या कागदावर पासवर्ड लिहायचे नाहीत. फक्त नाव आणि पुढं दोन रकाने, मोबाईल कुठला आणि ईमेल कुठला. जिथं माहीत नाही तिथं प्रश्नचिन्ह टाका. कागद भरून झाला की नुसते प्रश्नचिन्हं बघा, तुमचं खरं काम तिथं आहे. जीएसटीच्या पुढं बऱ्याच वेळा सल्लागाराचा ईमेल नाहीतर त्याच्या ऑफिसचा मोबाईल निघतो. चांगला माणूस असेल तर तो स्वतःच बदलून देईल, नसेल देत तर आपल्या भागाच्या जीएसटी अधिकाऱ्याकडं कागदपत्रं घेऊन अर्ज करून ईमेल आणि मोबाईल बदलून मिळतो, तशी सोय आहे. जुना नंबर बंद असेल तर बँकेचा नंबर बदलायला बहुधा शाखेत जावं लागेल, आधारचा मोबाईल बदलायला बहुधा आधार केंद्रात. ही पायपीट कुठलंच अ‍ॅप वाचवत नाही, पण आत्ता केली तर ऐन मुदतीच्या दिवशी करावी लागत नाही.

अ‍ॅप कुठलं

फार विचार करू नका. तीन रस्ते आहेत.

फोनमध्ये आधीपासून असलेलं, म्हणजे अँड्रॉइड आणि क्रोमवाल्यांना गूगलचं, आयफोनवाल्यांना अ‍ॅपलचं पासवर्ड्स अ‍ॅप (2024 मध्ये आयओएस 18 बरोबर ते वेगळं अ‍ॅप म्हणून आलं). फुकट, सोपं, आणि एकट्या माणसाला पुरतं. पण घरात एकाकडं आयफोन, दुसऱ्याकडं अँड्रॉइड आणि दुकानात विंडोजचा कॉम्प्युटर असं असेल तर कटकट होते.

दुसरा रस्ता बिटवॉर्डन. ओपन सोर्स आहे (म्हणजे आतला कोड कुणालाही तपासता येतो), फुकटच्या प्लॅनमध्ये पासवर्ड किती आणि डिव्हाइस किती याला मर्यादा नाही, सगळीकडं चालतं. नवीन माणसाला मी हेच सांगतो आणि पुढच्या पायऱ्याही त्याच्याच धरून लिहिल्यात.

तिसरा कीपास. यात सगळं एका फाईलमध्ये तुमच्याच कॉम्प्युटरवर राहतं, कुणाच्या सर्व्हरवर जात नाही. ज्यांना बॅकअपची शिस्त आहे त्यांच्यासाठी उत्तम. ज्यांच्या फोनमधले फोटोसुद्धा कधी बॅकअप झाले नाहीत त्यांनी याच्या नादाला लागू नये.

सांगलीच्या गणपती पेठेत दुकान असलेल्या एका काकांना हे समजावत होतो तर त्यांचा पहिला प्रश्न, "आरं पण मग त्या कंपनीला माझं सगळं दिसंल की!" प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की बिटवॉर्डनमध्ये पासवर्ड तुमच्या फोनमध्येच मास्टर पासवर्डच्या जोरावर कुलूपबंद होतात आणि कंपनीकडं जातो तो नुसता कुलूपबंद गठ्ठा, किल्ली जात नाही. म्हणूनच मास्टर पासवर्ड विसरलात तर कंपनीला फोन करून उपयोग नाही, त्यांच्याकडं तो नसतोच. आता चोरी होत नाही असं नाही, 2022 मध्ये लास्टपास नावाच्या मॅनेजरचे असे गठ्ठे चोरीला गेले. ज्यांचा मास्टर पासवर्ड दमदार होता त्यांचा गठ्ठा उघडणं अवघड, ज्यांचा फुसका होता त्यांची पंचाईत. काकांना म्हटलं, "काका, तुमची डायरी गल्ल्याशेजारी उघडी पडलेली असते, तिला तर कुलूपच नाही." त्यावर ते हसले आणि म्हणाले बरं टाक.

मास्टर पासवर्ड

बिटवॉर्डन कमीत कमी 12 अक्षरं मागतं. मुलाचं नाव आणि जन्मसाल नको, गावाचं नाव नको, कुलदैवत नको, आणि कृपा करून गाडीचा नंबर नको. एमएच 10 ने सुरू होणारे पासवर्ड सांगली जिल्ह्यात किती असतील देव जाणे, आणि तिकडं साताऱ्यात एमएच 11 वाले.

सोपा उपाय म्हणजे एकमेकांशी काहीच संबंध नसलेले चार-पाच शब्द. डोळे मिटून पेपरवर बोट ठेवा, जो शब्द येईल तो घ्या, असं पाच वेळा. चप्पल, विहीर, सोळा, पोपट, ठराव. मध्ये डॅश टाका आणि इंग्रजी अक्षरांत टाइप करा, कारण देवनागरीत ठेवलात तर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर मराठी कीबोर्ड शोधत बसाल. (वरचे पाच शब्द वापरू नका, ते आता इथं छापलेत.) शब्द आपण "सुचवायचे" नाहीत, सुचवायला गेलं की माणूस आपोआप स्वामी-समर्थ-कृपा-आई वर येतो. अ‍ॅपमध्येच पासफ्रेज नावाचा पर्याय आहे, तो 7,776 इंग्रजी शब्दांच्या यादीतून शब्द उचलून देतो, इंग्रजी चालत असेल तर तो घ्या.

पहिले आठ-दहा दिवस फिंगरप्रिंट मुद्दाम बंद ठेवा आणि रोज हातानं टाइप करा. बोटांना सवय लागते. पहिल्याच दिवशी फिंगरप्रिंट लावला की महिन्याभरानं फोन बदलताना शब्द आठवत नाहीत, हे लै जणांचं होतं.

अकाउंट उघडताना बिटवॉर्डन सर्व्हर विचारतं, डॉट कॉम की डॉट ईयू. कुठलाही चालेल पण कुठला घेतला ते लक्षात ठेवा, नंतर दुसऱ्यावर लॉगिन करायला गेलात तर पासवर्ड बरोबर असूनही चूक आहे म्हणेल आणि तुमच्या पोटात गोळा येईल.

एक फास आधीच सोडवून ठेवा

हे नीट वाचा. 2025 पासून बिटवॉर्डन नवीन फोनवर लॉगिन करताना, तुम्ही टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागायची सोय) लावलेलं नसेल तर, ईमेलवर कोड पाठवतं. आता समजा फोन हरवला, नवीन घेतला, बिटवॉर्डन उघडलं, कोड जीमेलवर गेला, आणि जीमेलचा पासवर्ड? तो बिटवॉर्डनमध्ये. बसा आता. म्हणून दोन पासवर्ड मॅनेजरच्या बाहेरही पाहिजेत, एक मास्टर आणि एक मुख्य ईमेलचा. दोन्ही एका दुसऱ्या कागदावर (खात्यांच्या यादीच्या नाही), दोन्ही एकमेकांपासून वेगळे, दोन्ही लांब. त्या ईमेललाही रिकव्हरी नंबर कुणाचा आहे ते तपासा, तिथं जुना नंबर असेल तर पुढं जाऊच नका, आधी तो बदला.

कागद कुठं ठेवायचा हा सांगलीकरांना वेगळा सांगायला नको. 2005 चा पूर झाला, 2019 च्या ऑगस्टात मारुती चौक आणि गणपती पेठ पाण्यात होती, 2021 ला परत तेच. तळमजल्यावरच्या कपाटातल्या वह्या लगदा झालेल्या लोकांनी बघितल्यात. कागद बॉलपेननं लिहा, शाईच्या पेननं नाही, प्लॅस्टिकच्या चेनच्या पाकिटात घाला, एक वरच्या मजल्यावर आणि दुसरी प्रत नदीपासून लांब, कुपवाडला बहीण राहत असेल तर तिच्याकडं. बँकेत लॉकर असेल तर तिथंही चालेल, फक्त शाखा पूररेषेत आहे का बघा.

आता भरायला घ्या

एका रविवारी सगळं उरकतो म्हणून बसू नका, कंटाळा येऊन अर्धवट राहतं. पहिल्या दिवशी फक्त मुख्य ईमेल, एक बँक आणि एक सरकारी पोर्टल. बाकीची खाती जेव्हा जेव्हा उघडायची वेळ येईल तेव्हा टाकत जा. लाईटबिल भरायचं आलं, त्या दिवशी महावितरणची नोंद. तिकीट काढायचं आलं, आयआरसीटीसीची. महिना-दीड महिन्यात वापरातलं सगळं आपोआप आत येतं आणि जे आलं नाही त्याची बहुधा गरजच नसते.

क्रोममध्ये आधीच ढीगभर पासवर्ड सेव्ह असतील तर ते एकगठ्ठा आणता येतात. कॉम्प्युटरवर क्रोमच्या पासवर्ड मॅनेजरच्या सेटिंग्जमध्ये एक्स्पोर्ट आहे, सीएसव्ही फाईल मिळते, मग बिटवॉर्डनच्या वेबसाईटवर टूल्समध्ये इम्पोर्ट डेटा, फॉरमॅट क्रोम निवडा, झालं. पण ती सीएसव्ही फाईल म्हणजे तुमचे सगळे पासवर्ड उघडेनागडे, एक्सेलमध्ये कुणीही वाचू शकतं. काम झालं की डाउनलोड्समधून डिलीट आणि रिसायकल बिनमधूनही. नेट कॅफेत हे काम करायचं नाही, आणि फाईल व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःला पाठवून ठेवायची नाही. एवढं तुम्ही पाळणार नसाल तर इम्पोर्ट करूच नका, हातानं भरलेलं बरं. तसंही इम्पोर्टमध्ये एकाच साईटच्या चार-चार नोंदी येतात आणि त्यातली बरोबर कुठली हे शोधण्यात संध्याकाळ जाते.

नाव काय द्यायचं यावर जरा थांबू. अ‍ॅप आपण होऊन नोंदीला वेबसाईटचंच नाव देतं आणि घरात तीन जणांची आयकरची लॉगिन असली की तीन सारख्या नोंदी दिसतात. मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यावर आधी मालकाचा मार्का बघतात तसं इथंही आधी माणूस, मग काम. "बाबा आयकर", "बाबा पीएफ", "दुकान जीएसटी", "शेत लाईटबिल मोटर". सर्चमध्ये "बाबा" टाइप केलं की बाबांचं सगळं एका खाली एक. फोल्डर पण करता येतात पण माणसागणिक एक, त्यापेक्षा जास्त नको. बँक, सरकारी, सोशल, शॉपिंग अशी कपाटं करणारे लोक नंतर डिजीलॉकर कशात टाकलं ते शोधत बसतात.

आणि नोट्सचा रकाना. माझ्या मते सगळ्यात मोलाचा हाच, आणि बहुतेक लोक तो रिकामा सोडतात. एक नोंद भरून दाखवतो, आकडे अर्थातच गाळून:

नाव: बाबा पीएफ
युजरनेम: यूएएन नंबर
पासवर्ड: जो असेल तो
नोट्स: ओटीपी बाबांच्या जुन्या नोकियातल्या सिमवर येतो, सिम दर महिन्याला रिचार्ज करायचं. ईमेल माझा दिलाय. आधारला पण हाच नंबर. बँक पासबुकवर आणि पीएफमध्ये नावाचं स्पेलिंग वेगळं आहे, दुरुस्तीचा अर्ज टाकलाय.

बघा, यात पासवर्ड सोडून बाकी जे आहे तेच ऐन वेळी कामाला येतं. तुम्ही गावात नसताना धाकटी बहीण हे वाचून काम करू शकते.

काय टाकायचं नाही तेही सांगतो. यूपीआयचा पिन आणि एटीएमचा पिन डोक्यातच ठेवा, ते चार-सहा आकडे असतात आणि रोजच्या वापरात असतात. कार्डाच्या मागचा सीव्हीव्ही पण नको. ओटीपी तर कुठंच लिहायची गोष्ट नाही.

जुने पासवर्ड बदलणं

आत आणून झाले की मग बदलायचे, आणि तेही सगळे नाही. क्रम असा: मुख्य ईमेल, बँका, आयकर आणि जीएसटी, मग जिथं जिथं एकच पासवर्ड दोन-तीन ठिकाणी वापरलाय ती खाती. एखाद्या भुक्कड शॉपिंग साईटवरून तुमचा पासवर्ड फुटला तर चोर तोच पासवर्ड जीमेलवर लावून बघतो, खरा धोका हाच. "हॅव आय बीन पोन्ड" नावाची साईट 2013 पासून आहे, तिथं आपला ईमेल टाकला की तो कुठकुठल्या फुटलेल्या यादीत आलाय ते फुकट कळतं. आला असेल तर घाबरू नका, बहुतेकांचा येतो, ती खाती आधी बदला एवढंच.

पासवर्ड अ‍ॅपच्या जनरेटरनं बनवा, 16-20 अक्षरं. सरकारी पोर्टलांवर मात्र नखरे असतात. काही 14-15 अक्षरांच्या पुढं जाऊ देत नाहीत, काही ठराविकच चिन्हं घेतात, काहींवर पेस्ट चालत नाही आणि स्क्रीनवरचा कीबोर्ड एकेक बटण दाबत बसावं लागतं. तिथं लांबी कमी करा आणि जनरेटरमध्ये एकसारखी दिसणारी अक्षरं टाळायचा पर्याय असतो तो चालू करा, म्हणजे शून्य की ओ, एक की एल असं बघत बसायला नको. आणि क्रम चुकवू नका: आधी नवीन पासवर्ड मॅनेजरमध्ये सेव्ह, मग वेबसाईटवर सबमिट. उलटं केलं आणि मध्येच लाईट गेली तर परत ओटीपीपासून सुरुवात. बिटवॉर्डनमध्ये जुना पासवर्डही नोंदीच्या हिस्टरीत राहतो, त्यामुळं आधी सेव्ह करण्यात नुकसान काही नाही.

दर महिन्याला सगळे पासवर्ड बदलायचे हे जुनं झालं. पोर्टल स्वतः बदलायला लावत असेल तर बदला, नाहीतर फुटल्याचा संशय आला की बदला.

ऑटोफिल (पासवर्ड आपोआप भरणं) चालू करा

फोनच्या सेटिंग्जमध्ये वरच्या सर्चमध्ये "ऑटोफिल" टाइप करा, कारण प्रत्येक कंपनीनं ते वेगळ्याच ठिकाणी लपवलंय. तिथं बिटवॉर्डन निवडा. क्रोममध्ये चालत नसेल तर क्रोमच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये ऑटोफिल सर्व्हिसेसमध्ये जाऊन दुसरी सर्व्हिस वापरायची परवानगी द्यावी लागते. गूगलचं "पासवर्ड सेव्ह करू का" हे बंद करा, नाहीतर दोघं एकदम विचारत राहतील आणि अर्धे पासवर्ड इकडं, अर्धे तिकडं.

याचा एक फायदा फार कमी लोकांना माहीत असतो. "आज रात्री तुमची वीज तोडली जाईल" असले मेसेज येतात ना, त्यातली लिंक उघडली तर पान हुबेहूब खऱ्यासारखं दिसतं. माणूस फसतो पण मॅनेजर पान कसं दिसतं ते बघतच नाही, तो फक्त पत्ता बघतो, आणि पत्ता जुळला नाही की पासवर्ड सुचवत नाही. त्यामुळं नेहमी आपोआप भरणारी जागा एखाद्या दिवशी रिकामी राहिली तर कॉपी-पेस्ट करायच्या आधी थांबा आणि वरचा पत्ता अक्षर न् अक्षर वाचा. कधी अ‍ॅपचाच घोळ असतो, पण कधी नसतो. पैसे गेलेच तर ताबडतोब 1930 ला फोन, जितक्या लवकर तितकी रक्कम अडकवता येण्याची शक्यता जास्त.

मुख्य ईमेलला आणि बिटवॉर्डनला टू-स्टेप लावा, ऑथेंटिकेटर अ‍ॅपवालं, ज्यात दर 30 सेकंदाला 6 आकडे बदलतात. लावताना जो रिकव्हरी कोड मिळतो तो वर सांगितलेल्या कागदावरच उतरवा. त्याचा स्क्रीनशॉट त्याच फोनमध्ये ठेवून काही फायदा नाही, फोन गेला की दोन्ही गेलं.

घरच्यांना सांगून ठेवा

तुम्ही एकट्यानं सगळं सांभाळताय आणि उद्या चार दिवस हॉस्पिटलात पडलात तर घरातल्या कुणालाच काही सापडणार नाही. पाकीट कुठं आहे हे किमान एका माणसाला माहीत पाहिजे, बायको, भाऊ, जो विश्वासाचा असेल तो. त्याला एकदा समोर बसवून फक्त त्या कागदावरून, त्याच्या फोनवर, लॉगिन करायला लावा. तुम्ही बोलायचं नाही. कुठं अडतो ते बघा आणि तिथं कागदावर एक ओळ वाढवा. झालं की त्याच्या फोनवरून लॉगआउट.

आता राहिली ती जुनी डायरी. लगेच फाडू नका. तीन-चार महिने ठेवा, एखादं वर्षातून एकदाच लागणारं खातं त्यातच निघतं, आयकर रिटर्न किंवा स्कॉलरशिपसारखं. तेवढं आत आलं की डायरीतल्या बँकेच्या आणि ईमेलच्या ओळी काळ्या करायच्या, पानं फाडून बंबात टाकायची, रद्दीत द्यायची नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःला पाठवलेले पासवर्डही शोधून डिलीट करा, तिथल्या सर्चमध्ये "पासवर्ड", "पास" आणि बँकेचं नाव टाकलं की बहुतेक सापडतात, आणि जे दुसऱ्या कुणाला पाठवले होते ते खात्यावर जाऊन बदलूनच टाका.